कॉर्व्हेटचे जनक किती?

पूल असो, मेट्रो असो की गल्लीतला काँक्रीटचा रस्ता, काम पुरं व्हायच्या आत आपल्याकडे फ्लेक्स लागतात: ‘आमच्या पाठपुराव्याला यश’. दोन दिवसांत शेजारी दुसऱ्या पक्षाचा फ्लेक्स. कोनशिलेवर मंत्र्यांपासून नगरसेवकांपर्यंत सगळे असतात, गर्डर कोणी डिझाइन केला तो मात्र कुठेच नसतो. वर्तमानपत्रांत या भांडणाला ‘श्रेयवाद’ म्हणतात. इकडे मिशिगनमध्ये, नोव्हाय-ट्रॉय या डेट्रॉइटच्या उपनगरांत पुण्याहून आलेली इंजिनिअर मंडळी हे फोटो ग्रुपवर पाहतात आणि ठरलेलं वाक्य पडतं: ‘इथे बघा, काम करणाऱ्याला मान असतो.’

हे अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं तपासायचं तर याच राज्यात जन्मलेली जनरल मोटर्सची स्पोर्ट्स कार, शेव्हरोले कॉर्व्हेट, घ्यावी.

कॉर्व्हेटचा जनक कोण, असं कोणाही शौकिनाला विचारा, उत्तर येईल झोरा आर्कस-डंटोव्ह. पण जानेवारी १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलात जनरल मोटर्सने मोटोरामा प्रदर्शनात ही गाडी पहिल्यांदा मांडली, तेव्हा डंटोव्ह बघ्यांच्या गर्दीत होता. तो कंपनीत लागला त्याच वर्षी १ मे रोजी. म्हणजे बारशाला पाहुणा म्हणून आलेल्या माणसाला पुढे बाप ठरवलं गेलं.

मग आधी राबले कोण? कल्पना स्टायलिंग विभागाचा प्रमुख हार्ली अर्ल याची. युद्धावरून परतलेले सैनिक ब्रिटिश एमजी आणि जॅग्वार चालवतात आणि अमेरिकेकडे तसली एकही गाडी नाही, हे त्याला खुपत होतं. मांडणी रॉबर्ट मॅकलीनची. त्याने आराखडा उलटा सुरू केला: आधी मागचा ॲक्सल, त्याच्या लगेच पुढे दोन सीट, मग उरलेल्या जागेत इंजिन जितकं मागे आणि खाली सरकेल तितकं. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, १०२ इंच, जॅग्वार एक्सके १२० इतकाच. चेसिस, म्हणजे बॉडीखालची चौकट, मॉरिस ऑलीची. हा रोल्स-रॉइसमधून आलेला ब्रिटिश इंजिनिअर. वरिष्ठांसमोर प्रकल्प लावून धरणारा शेव्हरोलेचा मुख्य इंजिनिअर एड कोल. नाव सुचवलं प्रसिद्धी विभागातल्या मायरन स्कॉटने, छोट्या चपळ युद्धनौकेवरून.

आणि रॉबर्ट मॉरिसन, ज्याला शौकीनसुद्धा विसरतात. ओहायोतल्या ॲशटाब्युला गावी त्याचा फायबरग्लासचा कारखाना. एवढ्या कमी गाड्यांसाठी स्टीलचे पत्रे दाबायचे साचे (डाय) पाडायचे तर वेळ आणि पैसा दोन्ही जास्त, म्हणून बॉडी फायबरग्लासची ठरली. आपल्याकडे मूर्तीपासून पाण्याच्या टाकीपर्यंत फायबरचं काम गल्लोगल्ली चालतं, त्यामुळे यात काय विशेष असं वाटेल. पण डझनावारी पॅनल एकमेकांना चिकटवून, सगळ्या फटी एकसारख्या ठेवून, रोज गाड्या काढायच्या हे तेव्हा कोणी केलेलं नव्हतं. जोडाच्या रेघा रंगाखालून वर दिसायच्या, पृष्ठभाग लाटालाटांचा यायचा आणि हाताने घासत बसावं लागायचं.

खरी गंमत विजेची. स्टीलच्या गाडीत दिव्याला एकच वायर पुरते, कारण परतीचा प्रवाह बॉडीतून जातो. आपला मेकॅनिक त्याला ‘अर्थ’ म्हणतो. फायबरग्लासमधून प्रवाह जातच नाही. म्हणून प्रत्येक दिव्याला, हॉर्नला, मीटरला चेसिसपर्यंत वेगळी अर्थची वायर ओढावी लागली. त्यातली एक जरी सैल झाली किंवा गंजली तर टेललाइट मिणमिणतो. पेट्रोल मीटरच्या टाकीतल्या सेंडरची अर्थ तुटली की टाकी रिकामी असताना काटा ‘फुल’च्याही पुढे जाऊन बसतो. जुनी कॉर्व्हेट घेणाऱ्याने मीटर बदलण्याआधी ही वायर घासून घट्ट करावी. स्टीलचं बॉनेट इग्निशनचा खरखराट अडवतं, इथे ते नव्हतं, त्यामुळे रेडिओसाठी डिस्ट्रिब्युटरवर आणि प्लगच्या वायरींवर धातूची टोपणं बसवावी लागली. फायदा एकच झाला: रेडिओची एरियल जाळीच्या रूपात डिकीच्या झाकणातच लपवता आली.

एवढं करून गाडी कशी निघाली? सुमार. सेडानचंच सहा सिलिंडरचं इंजिन तीन कार्टर कार्ब्युरेटर लावून १५० हॉर्सपॉवरपर्यंत ताणलेलं. तिघांचं ट्यूनिंग जुळलं नाही की आयडलला थडथडायचं. गिअरबॉक्स ऑटोमॅटिक, त्यातही गिअर दोनच. दाराला बाहेरून हँडल नाही, काचांऐवजी लावायचे-काढायचे पडदे. १९५३ मध्ये मिशिगनमधल्या फ्लिंटला ३०० गाड्या बनल्या, सगळ्या पांढऱ्या, आतून लाल. १९५४ मध्ये ३,६४०, त्यातल्या कित्येक पडून राहिल्या. १९५५ मध्ये फक्त ७००, आणि त्याच वर्षी फोर्डची थंडरबर्ड १६ हजारांवर गेली.

दिलीप छाब्रियांच्या डीसी अवंती या देशी स्पोर्ट्स कारवर २०१२ नंतर एक शेरा सारखा ऐकू यायचा: ‘इंजिन तर रेनोचं, मग गाडी कसली आपली?’ हाच शेरा पहिल्या कॉर्व्हेटला लावला तर तीही नापास होते. सेडानचं इंजिन, सेडानचा पुढचा सस्पेन्शन, ब्रिटिश माणसाची चेसिस, जॅग्वारचं माप. स्पोर्ट्स कार अशीच बनते, घरात जे आहे त्यातून. अवंतीबद्दल प्रश्न विचारायचाच तर इंजिन कुठलं हा नको. विक्री पडल्यावरही तीच गाडी दहा वर्षं सुधारत बसणारं कोणी होतं का, हा हवा.

कॉर्व्हेटला तसा माणूस मिळाला, आणि डंटोव्हचं खरं श्रेय ते आहे. ब्रुसेल्समध्ये जन्मलेला, लेनिनग्राडला वाढलेला, बर्लिनमध्ये शिकलेला रशियन ज्यू. १९४० मध्ये फ्रान्स पडल्यावर निसटून न्यूयॉर्कला आला. आडनाव जोडलेलं: वडिलांचं आर्कस, सावत्र वडिलांचं डंटोव्ह. कॉर्व्हेट हाती आल्यावर त्याने पहिली तक्रार हाताळणीची केली: वळणावर पुढचं टोक जास्त वळतं, मागचं कमी, दोघांचं जुळत नाही. उपाय स्वस्तातला होता. पुढच्या चाकांच्या वळणाच्या अक्षाला दोन अंश मागे कल (पॉझिटिव्ह कॅस्टर) दिला आणि मागच्या पाट्याच्या स्प्रिंगची बैठक हलवली. १६ डिसेंबर १९५३ला त्याने वरिष्ठांना टिपण धाडलं: तरुण पोरं फोर्डची इंजिनं फोडून वेगवान करतात, आपलं नवं व्ही-८ येतंय, तर त्याचे रेसिंगचे सुटे भाग आपणच काउंटरवर विकायला हवेत. कोलचं २६५ घनइंची व्ही-८ १९५५ मध्ये आलं आणि गाडी वाचली. पुढे डंटोव्हने त्या इंजिनासाठी नवा कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, तयार केला. त्याचा पार्ट नंबर ३७३६०९७. मेकॅनिक अजून त्याला ‘डंटोव्ह कॅम’ किंवा नुसतं ‘०९७’ म्हणतात.

कॉर्व्हेटचा मुख्य इंजिनिअर हे पद त्याला १९६८ मध्ये मिळालं. रुजू झाल्यावर पंधरा वर्षांनी. नाव टिकलं ते आधी गॅरेजमध्ये, कंपनीच्या पाटीवर नव्हे. ‘काम करणाऱ्याला मान’ म्हणणाऱ्यांनी हा हिशेब लक्षात ठेवावा.

१९६३ च्या स्टिंग रेवर, म्हणजे कॉर्व्हेटच्या नव्या अवतारावर, तर सरळसरळ श्रेयवाद आहे. मूळ रेखाटन तरुण पीट ब्रॉकचं, निवड अर्लच्या जागी आलेल्या बिल मिचेलची, पुढे प्रत्यक्ष गाडीपर्यंतचं रूप लॅरी शिनोडाचं. कोणाचा वाटा किती, यावर आजही वाद घालतात. मागच्या काचेला मधोमध उभी पट्टी मिचेलला हवीच होती. डंटोव्ह म्हणत होता, मागचं दिसत नाही. १९६३ला मिचेल जिंकला, १९६४ला पट्टी गेली. मधल्या काळात काही मालकांनी आपल्या ६३च्या गाडीतली पट्टी कापून ६४ची काच बसवली. आज त्याच पट्टीपायी ६३चं मॉडेल फार महाग आहे.

त्या पट्टीच्या गदारोळात डंटोव्हचं मोठं काम झाकलं जातं: स्वतंत्र मागचा सस्पेन्शन, ज्यात दोन्ही मागची चाकं वेगवेगळी वर-खाली होतात. इंजिनाची ताकद दोन्ही मागच्या चाकांना वाटणारा डिफरन्शियल चेसिसला पक्का, आडवा नऊ पाट्यांचा एक स्प्रिंग, आणि चाकाला फिरवणारा हाफशाफ्टच वरच्या लिंकचं काम करणारा. एक भाग वाचला, पण मागच्या बेअरिंगवर जबाबदारी आली. त्यांना ग्रीसचं निपल नाही; उघडून, पातळ चकत्यांनी (शिम) ढिलाई जुळवूनच ग्रीस भरावं लागतं. मालक विसरतात आणि बेअरिंग जाम होते. तसंच फायबरग्लास गंजत नाही म्हणून निर्धास्त राहू नये: ६३पासून केबिनभोवती आत स्टीलचा सांगाडा आहे, पुढच्या काचेच्या कडेने पाणी झिरपून तो आतल्या आत सडतो. वरचा रंग चकचकीत असतो तेव्हाही.

शिनोडा लॉस एंजलिसला जन्मलेला अमेरिकन नागरिक. १९४२ मध्ये, बारा वर्षांचा असताना, जपानी वंशाचा म्हणून त्याला कुटुंबासह मॅन्झनारच्या छावणीत डांबलं होतं. कॉर्व्हेटला सगळ्यात ‘अमेरिकन’ गाडी म्हणतात, ती इतक्या उपऱ्या आणि उपरे ठरवलेल्या लोकांची आहे.

मिशिगनमधली मराठी मंडळी या मुद्द्यावर अडखळतात. एच-१बीवरून ‘आमच्या नोकऱ्या’ असं कोणी म्हटलं की डंटोव्हचा दाखला देतात. त्याच संध्याकाळी ‘भूमिपुत्रांना ८० टक्के’ हा मेसेज पुढे पाठवतात. दोन्हीकडे टाळी मिळते. आमच्या मते दोन वेगळे प्रश्न एकत्र कालवले जातात. डिझाइनच्या टेबलावर कोण बसेल याला जन्मगावाची अट लावली असती तर ऑली आणि डंटोव्ह दोघेही बाहेर राहिले असते. कारखान्याच्या लाइनचं तसं नाही. कॉर्व्हेट फ्लिंटहून सेंट लुईसला गेली आणि १९८१ मध्ये तिथून केंटकीतल्या बॉलिंग ग्रीनला. डिझाइनचं टेबल मिशिगनमध्येच राहिलं, सेंट लुईसच्या कामगारांपुढे मात्र घर विकून कारखान्यामागे जायचं का, हा प्रश्न आला. चाकण-रांजणगावात जमीन दिलेला शेतकरी आपल्या पोराला लाइनवर घ्या म्हणतो तेव्हा तो सेंट लुईसच्या कामगाराची बाजू मांडत असतो, आणि डंटोव्हची गोष्ट सांगून त्याला उत्तर देता येत नाही.