गोवंडीची नाणी आणि परळचा फुटपाथ

आमच्या घरच्या ग्रुपवर दर हिवाळ्यात एक मेसेज फिरून येतो. यंदा तो मामांनी टाकला. मजकूर थोडक्यात असा: फुटपाथवर झोपणारे म्हणजे भिकारी, आणि भिकारी तुमच्या-आमच्यापेक्षा श्रीमंत, काम देतो म्हटलं की पळतात, सरकारने फुकट निवारे बांधलेत, पण तिथे दारू चालत नाही म्हणून जात नाहीत, कडेवरची बाळं भाड्याची, भीक देणं गुन्हा आहे. खाली हातात झाडू घेतलेले गाडगेबाबा आणि 'दहा जणांना पाठवा'. मामा माणूस वाईट नाहीत. त्यांनी तो वाचून नव्हे, अंगठ्याने पाठवला असणार. तरी उत्तर लिहितो.

लखपती भिकाऱ्याची गोष्ट अगदीच हवेतली नाही. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये गोवंडीजवळ लोकलच्या धडकेत एक म्हातारा गेला. वय ऐंशीच्या पुढे, लोकलमध्ये भीक मागायचा. पोलिसांना त्याच्या झोपडीत पोत्या-डब्यांतून पावणेदोन लाखांच्या आसपास नाणी सापडली, शिवाय पावणेनऊ लाखांच्या मुदतठेवीच्या पावत्या. बातमी देशभर गाजली. पण मेसेज लिहिणाऱ्याने दोन गोष्टी गाळल्या. एक, तो बेघर नव्हता, त्याला झोपडी होती. दोन, आयुष्यभराची पुंजी धरून साडेदहा लाख झाले; तेवढ्यात मुंबईत कायदेशीर खोली मामांनी शोधून दाखवावी. आणि देशभर गाजली म्हणजेच ती विरळा होती. भिकाऱ्याच्या खिशात शंभर रुपये सापडले, तर ते कोण छापणार?

मुळात भिकारी आणि बेघर यांची गल्लत इथेच होते. २०११ च्या जनगणनेत देशात बेघर १७ लाख ७३ हजार मोजले गेले. त्याच जनगणनेत भिकारी आणि भटके या सदरात होते ४ लाख १३ हजार. यातला एकूण एक भिकारी उघड्यावर झोपतो असं धरलं (आणि तसं नाहीच, गोवंडीचा म्हातारा बघा), तरी चारातले तीन बेघर भीक मागत नाहीत. मग ते करतात काय?

गेल्या मार्चमध्ये दादरला, फुलबाजाराच्या बाजूला, मी गाडीची वाट बघत उभा होतो. पस्तिशीतला एक माणूस जवळ आला. माझा हात सवयीने खिशाकडे गेला, खरं म्हणजे खिसा धरायला. तो म्हणाला, "भाऊ, ती बॅटरी दहा मिनिटं देता का? फोन पार बसलाय." माझ्याकडे पॉवर बँक होती. फोन लागेपर्यंत बोललो. लग्नसराईत केटरिंगला वाढपी म्हणून जातो, एरवी मार्केटात माल उतरवतो. सकाळी सहाला मुकादमाचा फोन येतो. बंद लागला की मुकादम पुढच्याला घेतो आणि त्या दिवसाची हजेरी बुडते. झोपतो पुलाखाली. संडासला पैसे, आंघोळीला वेगळे, पिशवी सांभाळायला टपरीवाल्याला चहापाणी. मी तीन खोल्यांच्या घरात राहतो आणि संडासला जायला एक पैसा मोजत नाही. तो रोज मोजतो. 'काम देतो म्हटलं की पळतात' या वाक्यावर त्या माणसाला काय वाटलं असतं, कोण जाणे. त्याला बहुधा वेळच नसता.

पुण्यातलं उदाहरण जास्त कडू आहे. २०२४ च्या डिसेंबरात वाघोलीला केसनंद फाट्यावर मध्यरात्री डंपर फुटपाथवर चढला. तीन जण गेले, त्यात दोन लहान मुलं. तिथे झोपलेली माणसं अमरावतीकडून कामासाठी आलेली मजूर कुटुंबं होती. भिकारी नाहीत, कुणी 'बाहेरचे'ही नाहीत. बिल्डिंगा बांधणाऱ्यांना पहिली रात्र फुटपाथवर काढावी लागते, ही आपल्या शहरांची रीतच आहे.

फुटपाथच का, लांब कुठेतरी स्वस्तात का नाही, याचं उत्तर चाळीस वर्षांपूर्वी सर्वोच्च न्यायालयात मिळून गेलंय. १९८१ च्या जुलैत, ऐन पावसाळ्यात, मुख्यमंत्री अंतुले यांनी मुंबईतले फुटपाथवासी हटवून आपापल्या गावी पाठवायचं जाहीर केलं. त्यातून ओल्गा टेलिस खटला उभा राहिला. १९८५ च्या निकालात न्यायालयाने मान्य केलं की ही माणसं कामाच्या जवळ म्हणून तिथे राहतात, जागा गेली की काम जातं, आणि उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो. त्याच निकालाने रीतसर नोटीस देऊन हटवायची मुभाही दिली, हे सांगायला हवं. पण ती माणसं आळशी आहेत, असं कुठल्याही न्यायाधीशाने म्हटलं नाही.

आता गाडगेबाबा. मामा, तो फोटो तिथे लावायला नको होता. परळला टाटा हॉस्पिटलच्या बाहेर, जेरबाई वाडिया रोडच्या फुटपाथवर, कॅन्सरचे पेशंट आणि त्यांचे नातेवाईक झोपतात. घर आहे, पण ते बिहारात, बंगालात, नाहीतर आपल्याच मराठवाड्यात. केमो, तपासणी, पुन्हा तारीख; दर वेळी गावाला जाऊन यायचं भाडं कुणाकडे आहे? एकदा तिथे एका बाईंनी मला थांबवलं. त्यांनी मागितलं काय, तर कागदावरचं इंग्रजी वाचून द्या, उपाशीपोटी यायचं आहे का एवढंच सांगा. उपाशीपोटीच यायचं होतं. दादरला अशाच पेशंटांना आसरा देणारी जी धर्मशाळा आहे, ती गाडगे महाराजांच्या नावाची. बाबा स्वतः गाव झाडून भाकरी मागून खात आणि गोळा झालेल्या पैशातून धर्मशाळा बांधत. 'बेघरांना आसरा' ही त्यांच्या दशसूत्रीतली ओळ. तिच्याखाली 'आधी दारू पितो का बघा' असं काही नाही.

निवाऱ्यांचा हिशेब मात्र नीट मांडू. शहरी बेघरांसाठीच्या केंद्राच्या योजनेने घालून दिलेला निकष असा: एक लाख लोकवस्तीमागे किमान शंभर माणसांचा एक निवारा. मुंबईची २०११ ची लोकसंख्या १ कोटी २४ लाख. म्हणजे १२४ निवारे, जागा १२ हजार ४००. त्याच जनगणनेत मुंबईत बेघर मोजले गेले ५७ हजारांवर, तेही एका रात्रीत, जे सापडले तेवढेच. म्हणजे निकष शंभर टक्के पाळला तरी पाचातल्या चौघांना जागाच नाही. आणि मुंबई त्या १२४ च्या जवळपासही पोचलेली नाही. दारूमुळे न जाणारे असतील, नाही म्हणत नाही. पण पुरुषांच्या निवाऱ्यात बायको-मुलं चालत नाहीत, आणि चार स्टेशनं पलीकडच्या निवाऱ्यातून पहाटे मार्केट गाठता येत नाही, हीही कारणं आहेत.

भाड्याच्या बाळांबद्दल एवढंच: मुलांना पळवून भीक मागायला लावणं हा गंभीर गुन्हा आहे आणि तो घडतोही. संशय आला तर १०९८ फिरवा. मेसेज फिरवून एकही मूल सुटणार नाही.

राहिला कायदा. इंदूरमध्ये २०२५ पासून भीक देणाऱ्यावरही गुन्हा नोंदवायचा आदेश निघाला, मेसेजला बहुधा तिथूनच पाय फुटले. आपला १९५९ चा मुंबई भीक प्रतिबंध कायदा देणाऱ्याला नव्हे, मागणाऱ्याला पकडतो. मागणाऱ्यालाच असंही नाही: पोटापाण्याचं उघड साधन नाही आणि भीक मागून जगत असावा अशा अवस्थेत फिरतोय, एवढंही पुरतं. पहिल्या खेपेला एक ते तीन वर्षं डांबतात, पुढे दहापर्यंत. हाच कायदा दिल्लीत लागू होता. तिथल्या उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यातली भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमं रद्द केली. महाराष्ट्रात तो आहे. पकडलेल्यांना भिक्षेकरी गृहात ठेवतात, काम देतात. त्या कामाचा मोबदला १९६४ पासून महिन्याला पाच रुपये होता. तो दिवसाला चाळीस करायचं मंत्रिमंडळाने ठरवलं २०२५ च्या एप्रिलमध्ये.