सव्वा क्विंटलचा माइक

आमच्या घरी कोणत्याही वस्तूची किंमत रुपयात सांगून उपयोग नाही, बाबा ती मनातल्या मनात कापसात करून घेतात. मोबाईल म्हणजे दोन क्विंटल, बहिणीच्या लग्नातला हॉल म्हणजे अख्खं खालचं वावर, अन् मी घरी आणलेला माइक म्हणजे सव्वा क्विंटल. हिशोब २०२४-२५ च्या हमीभावाने, लांब धाग्याला ७५२१ रुपये. गावात येणारा खेडा खरेदीवाला सात हजाराच्या वर सरकायला तयार नव्हता ते त्यांनी धरलंच नाही, नाही तर माइक अजून भारी झाला असता.

"साडेनऊ हजार? अन् गाते कोन याच्यात?"

"मी गातो नं बाबा. अन् आपलं भजन मंडळ."

"मंडळाजवळ हाय नं माइक. अहुजाचा. पार नाल्यापलीकडं आयकू जाते."

आता नाल्यापलीकडं ऐकू जाणं वेगळं अन् रेकॉर्ड होणं वेगळं, हे यांना कसं सांगावं.

तर झालं असं, की आमचं गाव घाटंजी तालुक्यात, यवतमाळ जिल्हा. तुकडोजी महाराज तिकडे मोझरीचे, पण त्यांची खंजेरी वऱ्हाडातल्या गावागावात पोचलेली आहे तशी आमच्याकडेही आहे, अन् संध्याकाळची प्रार्थना झाली की मंडळ बसतं. त्यात एक काका आहेत, वय चौऱ्याहत्तर, त्यांच्याकडे अशा अशा चाली आहेत की त्या दुसऱ्या कोणाला येत नाहीत, अन् काका हल्ली दर दोन महिन्यांनी "आता मी काही रायत नाही" असं जाहीर करतात. म्हणलं रेकॉर्ड करून ठेवू. पहिले मोबाईलवर केलं. काकांचा आवाज ठीक आला, पण खंजेरी सुरू झाली की मोबाईल घाबरून आवाज एकदम खाली ओढे अन् थाप थांबली की परत वर आणे, म्हणजे काका विहिरीत उतरून राहिले अन् चढून राहिले असं वाटे. तेव्हा ठरवलं, घरीच छोटा स्टुडिओ करायचा, नीट करायचा.

हे 'नीट' मला चौदा महिने पुरलं.

पहिला प्रश्न, डायनॅमिक माइक घ्यावा का कंडेन्सर. यूट्यूबवर एक जण म्हणे डायनॅमिक घे, शुअरचा एसएम-५८ घे, १९६६ पासून तोच माइक चालू आहे, हातातून पडला तरी परत गातो. दुसरा म्हणे छे छे, स्टुडिओत कंडेन्सर पाहिजे, बारीकसारीक सगळं पकडतो. 'बारीकसारीक सगळं' ऐकून मी भाळलो. तो हे ज्या खोलीत बसून सांगत होता तिला खिडकी नव्हती, अन् माझ्या खोलीच्या खिडकीखाली बकऱ्या बांधतात, पण तेवढं डोस्कं चाललं असतं तर चौदा महिने कशाला लागले असते.

बरं, नुसता माइक घेऊन भागत नाही. मधात इंटरफेस नावाचा डबा लागतो, तो आवाजाचे आकडे करून लॅपटॉपला देतो अन् उलट माइकला करंट देतो, ४८ व्होल्ट, त्याचं नाव फँटम पॉवर. हे मी आमच्या गावच्या वायरमनला सांगितलं, एक विचारपूस म्हणून. तो बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला.

"गावात दोनशे तीस धड येत नाही भाऊ, तू अठ्ठेचाळीस कुठून आननार?"

"ते डब्यातूनच येते. यूएसबीवर."

"झटका बसते काय?"

"नाही बसत."

"मंग कायची पॉवर ते."

खरा घोळ पैशाचा. दुकानात सगळे माल अशा हिशोबाने मांडलेले असतात की तुमच्या बजेटच्या बरोब्बर दोन हजार पुढे खरा माल असतो. चार हजाराचा माइक पाहिला तर खाली लिहिलेलं, सुरुवातीला ठीक आहे. सुरुवातीला म्हणजे काय बावा, मला शेवटही यातच करायचा आहे. मग सहाचा पाहिला, मग आठचा, मग साडेनऊ. इंटरफेसचंही तेच. एका इनपुटचा स्वस्त, पण मग खंजेरी अन् आवाज वेगळे घेता येणार नाहीत, म्हणून दोन इनपुटचा, तो अकरा हजाराच्या वर, म्हणजे बाबांच्या भाषेत दीड क्विंटल. दुकानातल्या खताच्या उधारीच्या वहीत मागच्या पानावर मी हे सगळं लिहून काढत होतो, अन् वडलांच्या हातात ती वही पडली तेव्हा त्यांना वाटलं 'कार्डिऑइड' (म्हणजे समोरचा आवाज जास्त पकडणारा माइक) हे कोणतं तरी नवीन औषध आहे बोंडअळीवरचं. किती पंपाले पडते, विचारे.

शेवटी नागपूरला गेलो. एसटीने जायचं, सीताबर्डीत उतरायचं, पायी फिरायचं. दुकानातल्या पोट्ट्याने मला पाहून पहिला प्रश्न केला, "रॅप करता का भाऊ?" म्हणलं भजन करतो. तो म्हणे चालते, आजकाल भजनालेही बीट टाकतात. त्याने मला हेडफोन लावून एक गिटार ऐकवली, इतकी सुंदर की मी तिथल्या तिथे पैसे दिले, अन् हा विचारच केला नाही की आमच्या मंडळात गिटार नाही. पावणेतीन क्विंटल. कोरडवाहूत जवळजवळ अर्ध्या एकराचा कापूस मी एका पिशवीत घालून रात्री दहाला घरी आलो, डबा उघडला, माइक काढला, माय म्हणे किती साजरा आहे, हळदीकुंकू लावलं, अन् मग मी वायर शोधली.

वायर नव्हती. या माइकसोबत वायर येतच नाही म्हणे. तीन पायांची एक्सएलआर वायर वेगळी घ्यावी लागते, हे चौदा महिन्यांत एकाही माणसाने सांगितलं नाही, कारण हे सांगायची गोष्टच नाही असं सगळ्यांना वाटत असावं. आमच्या गावच्या डीजेवाल्या पोट्ट्याने एक जुनी वायर झाळून दिली. तिच्यातून पहिले काही आवाज आला नाही, अन् आला तेव्हा गुंईं असा आला, माणसाच्या आधी.

ही गुंईं मी पुढे महिनाभर ऐकली. आपली लाईन ५० हर्ट्झची, तिचाच तो सूर, खर्जातला, अन् एकदम पक्का, जराही हलत नाही. काका म्हणे तंबोरा लावला का. पहिले वायर बदलली, मग वायरमनने अर्थिंगचा खड्डा उकरून त्यात मीठ अन् कोळसा टाकला, माय रोज सकाळी तुळशीसोबत त्यालाही पाणी घालू लागली. थोडी कमी झाली. लाईन गेली की इन्व्हर्टरवर घ्यावं म्हणलं, तर आमचं इन्व्हर्टर जुनं, चौकोनी लाटेचं, त्यावर गुंईंच्या जागी टर्र.

अन् खोली. खोलीवर टीन आहे. सकाळी अकराच्या सुमारास ऊन चढलं की टीन कडकड वाजतो, संध्याकाळी थंड होताना परत, अन् मधल्या वेळात कूलर लागतो, कारण आत कढई होते. टाळी वाजवली की भिंती आपसात वाटून घेतात, टर्रर्र करत. डीजेवाला म्हणे अंड्याचे ट्रे लाव भिंतीले, सगळे लावतात. आता आमचे बाबा माळकरी. मी स्टँडवरच्या आमलेटवाल्याकडून चाळीस ट्रे आणून चोरून गोठ्यात ठेवले, मायला सापडले, अन् त्यानंतर घरात जे झालं त्याचं रेकॉर्डिंग मात्र एकदम स्पष्ट आलं असतं. बरं, इतकं करून ते ट्रे बाहेरचा आवाज अडवत नाहीतच. आवाज अडवायला वजन पाहिजे, भिंत पाहिजे, अन् खोलीतला घुमारा प्यायला जाड मऊ काहीतरी पाहिजे. पातळ पुठ्ठ्याने वरवरची चरचर थोडीफार इकडेतिकडे होते, बस्स. खर्जाचं तर नावच नको, १०० हर्ट्झची एक लाट साडेतीन मीटरच्या आसपास लांब असते, ती इंचभर पुठ्ठ्याला काय भीक घालते. हे मला ट्रे जाळून झाल्यावर समजलं.

तोवर काकांना हेडफोन घालून बसवायचा प्रयोगही झाला. एक ओळ म्हणाले अन् थांबले. मागे वळून पाहिलं. परत एक ओळ, परत मागे.

"माह्या मांगून कोन म्हनून राह्यलं बे?"

कोणीच नव्हतं, तेच होते. आवाज लॅपटॉपमध्ये जाऊन परत कानात यायला जो उशीर होतो तो. सॉफ्टवेअरमध्ये बफर, म्हणजे आवाज साठवून मग पुढे ढकलायचा गठ्ठा, १०२४ वर ठेवलं होतं, म्हणजे एका फेरीलाच सेकंदाचा चाळिसावा-पन्नासावा भाग, मग जाणं-येणं दोन्ही. ऐकायला काही नाही, पण गाणाऱ्याचा पाय घसरायला पुष्कळ. डब्यावर डायरेक्ट मॉनिटर नावाचं एक बटण होतं, ते दाबलं की आवाज लॅपटॉपला वळसा न घालता थेट कानात, झालं. पण काकांनी तोवर हेडफोन काढून ठेवला होता अन् पुढे तीन दिवस त्या खोलीत आले नाहीत.

अन् 'प'. माइकसमोर प म्हणला की फट्ट होते, तोंडातली हवा थेट आत जाते. इंग्रजी गाणारे सांभाळून घेत असतील, आमच्याकडे पांडुरंग, पंढरी, पुंडलिक, पताका, एकही टाळता येत नाही. वहिनीच्या भरतकामाच्या रिंगीत जुन्या पायमोज्याचं कापड ताणून जाळी केली, ती चालली. या सगळ्या प्रकरणातली पहिल्या झटक्यात चाललेली तेवढीच वस्तू, अन् ती फुकट.

मग आला कापूस.

वेचणी झाली, भाव पडलेला, बाबा म्हणे आता देत नाही, मार्चात पाहू. अन् दरसालप्रमाणे कापूस घरात भरला, अन् दरसालप्रमाणे मागच्या मोठ्या खोलीत, बारा बाय पंधरा, स्लॅबची, एक कवाड, एक झरोका. भिंतींना लागून छातीच्या वर ढीग, मधात दोन माणसं बसतील एवढी वाट. मी तिथे मायने सांगितलं म्हणून चादर आणायला गेलो, अन् "माय, कोणती?" असं ओरडलो, तर तो शब्द तोंडातून निघून कुठे गेलाच नाही. तिथल्या तिथे मेला. परत ओरडलो. काहीच नाही, घुमारा नाही, बकऱ्या नाहीत. टाळी वाजवली, उशी झटकल्यासारखी आली.

मी तिथेच बसलो. बाहेरदेशी जुन्या जीनपँटांचा कापूस दाबून त्याचे पॅनल करतात अन् स्टुडिओच्या भिंतींना लावायला विकतात, हे मी त्या उधारीच्या वहीतच लिहून ठेवलं होतं, पुढे किंमत लिहून तीनदा खोडलेली. अन् इथे बावीस क्विंटल पडलेला.

बाबांची एकच अट. कापसाच्या खोलीत लाईनची वायर जाणार नाही. ठिणगी उडाली तं? बरोबर आहे त्यांचं, तिथे उदबत्तीसुद्धा नेऊ देत नाहीत, विडीवाल्याला तर उंबऱ्याशीच अडवतात. म्हणून लॅपटॉप बॅटरीवर, इंटरफेस लॅपटॉपवर, चार्जर बाहेर. रेकॉर्ड लावलं, हेडफोन लावला, अन् पाहतो तर गुंईं नाही. लाईनच नाही तर गुंईं कुठून येणार! महिनाभर मी खड्ड्यात मीठ टाकलं, अन् इलाज बाबांच्या भीतीत होता.

काका आले, ढिगाला टेकून बसले, म्हणे इथं बरं वाटते, गादीवर गायल्यासारखं. खंजेरी दोन हात लांब ठेवली, आवाजाचा काटा उणे बारा डेसिबलच्या वर जाऊ दिला नाही, म्हणजे फाटणार नाही, अन् पहिल्यांदा खंजेरी खंजेरीसारखी आली, चामडं वेगळं अन् चकत्या वेगळ्या. त्रास एकच, साठवलेल्या कापसात ते तांबडे किडे होतात अन् अंगाला खाज सुटते. चौथ्या भजनात काकांनी एक अशी हरकत घेतली की मी डोळे मिटले. ते म्हणे हरकत नाही, पाठ खाजवली.

पंधरा दिवसांत अकरा भजनं झाली. अन् त्या पंधरा दिवसांत मी एक पाप केलं. अख्खा विदर्भ भाव वाढावा म्हणून देव पाण्यात ठेवून बसलेला, अन् मी एकटा मनातून म्हणत होतो की अजून थोडा पडू दे. बाबांनी एकदा विचारलं, "काय म्हनते रे मोबाईलवर, देऊ का?" मी चेहरा गंभीर करून म्हणलं, "थांबा अजून, वाढन." मला भावाचं काही माहीत नव्हतं, मला बारावं भजन माहीत होतं.

भाव दीडशे रुपयांनी पडला. बावीस क्विंटलवर तेतीसशे. बाबा काही बोलले नाहीत, फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मेटॅडोर दारात उभा होता.

बारावं राहिलं होतं. मापाडी म्हणे तुम्ही गा नं भाऊ, आम्ही आमचं मोजतो. काका बसले. पहिलं गाठोडं काट्याला लागलं अन् मापाडी ओरडला, "लाभ!" एक म्हणत नाहीत नं पहिल्याला, तर तो लाभ नेमका समेवर पडला. तो टेक मी ठेवला. पण खंजेरीवाला चुके, मग परत, मग चहा, मग परत, अन् इकडे गाठोडी निघून राहिली, ढीग उतरून राहिला. शेवटचं कडवं बरोबर आलं तेव्हा दुपारचे दोन वाजले होते, खोलीत चार बोंडं अन् आम्ही. वेगवेगळ्या टेकमधली चांगली कडवी जोडून मी भजन तयार केलं. पहिलं कडवं एकदम कानाशी, दुसरं थोडं सैल, मग जसजसं पुढे जातं तशी खोली उघडत जाते, अन् शेवटच्या पांडुरंगाला असा घुमारा की देवळाच्या गाभाऱ्यात उभं असल्यासारखं.

पुण्याला भाचा आहे, तो रील बनवतो, त्याला पाठवलं. लगेच फोन. "मामा, शेवटच्या कडव्याला हा घुमारा, रिव्हर्ब कोणतं लावलं? सॉफ्टवेअरच्या प्लगइनचं नाव सांग नं, महाग असेल नं?"

फोन स्पीकरवर होता. बाबा बाजेवर बसून कापसाच्या पट्टीचे पैसे मोजत होते, त्यांनी मान वर केली नाही.

"त्याले सांग," म्हणे, "बावीस क्विंटलचं हाय."