झेंडा कुणाची वाट बघत नसतो

दुपारचे दोन वाजलेत. लेक न जेवता झोपलीय. गणवेश बदलला नाही, पांढरे मोजे पायात तसेच. मी रागात लिहितेय, आधीच सांगते. ज्यांना राग येईल त्यांनी खुशाल येऊ द्यावा.

आज २६ जानेवारी. शाळेत तिला संविधानाची प्रास्ताविका वाचायची होती. सहावीत आहे. पंधरा दिवस घरात दुसरं काही नव्हतं. पोळ्या लाटताना मी ऐकायची, औषधं घेताना तिचे आजोबा, म्हणजे माझे वडील, ऐकायचे. 'सार्वभौम' म्हणताना तिची जीभ अडखळायची, तो शब्द तिनं पाटीवर लिहून कपाटाला टेकवून ठेवला होता. काल रात्री एकदाही अडखळली नाही.

शाळेनं बोलावलं सव्वासातला. झेंडावंदन आठला. नांदेडात सध्या सकाळी बोचरी थंडी आहे, पण स्वेटर घालायचा नाही, फोटोत गणवेश दिसला पाहिजे. लेकरं रांगेत उभी. आठ वाजले. पाहुणे निघालेत. सव्वाआठ. पाचच मिनिटं. साडेआठ झाले आणि मग सगळंच अडकलं, कारण मुख्य शासकीय ध्वजारोहण ९.१५ ला असतं आणि ८.३० ते १० या वेळात दुसरीकडे कुठं कार्यक्रम ठेवायचा नाही असा सरकारचा नियमच आहे. शाळेला तो माहीत नव्हता का? माहीत होता. म्हणूनच आठची वेळ ठेवली होती ना! पण पाहुणे आले नाहीत म्हणून झेंडा लावायची कुणाची हिंमत झाली नाही.

दहा वाजून पंचवीस मिनिटांनी गाडी आली.

२६ जानेवारी १९५० ला दिल्लीत सकाळी १० वाजून १८ मिनिटांनी भारत प्रजासत्ताक झाल्याचं जाहीर झालं आणि १० वाजून २४ मिनिटांनी डॉ. राजेंद्रप्रसादांनी राष्ट्रपतिपदाची शपथ घेतली. मिनिटामिनिटाची नोंद आहे. आज त्या मिनिटांना आमची लेकरं तीन तासांपासून उभी होती. दुसरीतली एक पोरगी चक्कर येऊन खाली बसली, तर तिला दंडाला धरून उठवलं, कारण गाडी कोपऱ्यावर दिसली होती.

आता माझ्या वडिलांबद्दल सांगते, म्हणजे मला एवढं का लागलं ते कळेल.

दादा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिपाई होते. एकतीस वर्षं. झेंडा बांधायचं काम त्यांचं. आमच्या मराठवाड्यात वर्षातून चारदा झेंडा लागतो: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि १७ सप्टेंबर, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. म्हणजे त्यांनी शंभराच्या वर वेळा बांधला, आणि एकदाही अडकला नाही. आदल्या रात्री ते कधी बांधून ठेवायचे नाहीत. दहिवरानं खादी ओली होते, जड होते, दोरी फुगते, गाठ आवळून बसते. पहाटे चारला उठून अंघोळ, धुतलेली टोपी, आणि कंदील घेऊन शाळेत. मी मागं मागं, ओच्यात झेंडूच्या पाकळ्या घेऊन. दादा झेंडा मांडीवर पसरायचे, केशरी वर आहे ना ते बघायचे, घडी घालायचे आणि म्हणायचे, "दोनच मुठी टाक. जास्त झाल्या की घडी फुगती, मग गाठ बसत न्हाई." मग दोरीची सुरगाठ. एका हिसक्यात सुटली पाहिजे आणि वाऱ्यानं सुटता कामा नये. मोकळ्या दोरीवर ती तीनदा करून बघायचे, मग झेंड्याला हात.

आज शाळेत निरगाठ बसली होती. पाहुण्यांनी ओढलं, सुटेना. दोघांनी ओढलं. झेंडा अर्धा उघडून लोंबत राहिला, शेवटी कुणीतरी दोरी हलवून हलवून मोकळा केला. खाली राष्ट्रगीत सुरू झालं होतं. चकचकीत पॉलिएस्टरचा झेंडा. चालतो, कायद्यात बसतो, २०२१ च्या डिसेंबरपासून परवानगी आहे, मान्य. पण ज्या नांदेडच्या खादी समितीतून देशभर झेंडे जातात, त्या गावातल्या शाळेला खादीचा झेंडा मिळू नये?

मग भाषण. पंचवीस मिनिटं. त्यात रस्ते, पाणी, विरोधक सगळे आले. नंतर सूत्रसंचालक बाईंनी जाहीर केलं, वेळेअभावी प्रास्ताविकेचं वाचन घेता येत नाही.

वेळेअभावी!

२०२० पासून महाराष्ट्रातल्या शाळांत परिपाठाला प्रास्ताविका वाचायची असा आदेश आहे. आणि ज्या दिवशी संविधान लागू झालं त्याच दिवशी तिला वेळ नाही? तिचा पहिला शब्दच 'आम्ही' आहे. 'आम्ही, भारताचे लोक'. ते म्हणणारं माझं लेकरू हातात कागद घेऊन मंचाच्या पायरीजवळ उभं होतं. तिला कुणी सांगितलंसुद्धा नाही की तू आता जा बाई.

लोक म्हणतील, दिल्लीत पण पाहुणे असतातच की. असतात. १९५० च्या पहिल्याच संचलनाला इंडोनेशियाचे सुकार्नो होते. पण तिथं पाहुण्यासाठी झेंडा थांबत नाही. राष्ट्रपती येतात, झेंडा उघडतो, राष्ट्रगीत सुरू होतं आणि त्याच ५२ सेकंदांत २१ तोफांची सलामी पुरी होते. पहिला बार राष्ट्रगीताच्या सुरुवातीला, शेवटचा संपताना. सेकंद चुकत नाही. पाहुणा कितीही मोठा असो, तो तिथं झेंड्यापुढं उभा राहतो. साडेदहाला ते संचलन सुरू होतं, आमच्या घरी सगळे मिळून बघतात. २०१५ ला आपल्या पंढरीच्या वारीच्या चित्ररथाला पहिला नंबर मिळाला होता, तेव्हा दादांनी टीव्हीला हात जोडले होते. आज ते एकटेच बघत बसले.

दादांचं अजून एक सांगायचं राहिलं. १९८७ ची गोष्ट, मी पाचवीत होते. तालुक्याचे एक मोठे पुढारी येणार होते. आठची वेळ. आठ वाजून गेले, पाहुणे नाहीत. हेडमास्तर घामाघूम. दादा दोरीपाशी उभे होते, तिथूनच म्हणाले, "गुर्जी, आठ वाजले. झेंडा कुणाची वाट बघत नसतो." एवढंच. हेडमास्तरांनी एकदा रस्त्याकडे बघितलं, एकदा लेकरांकडे, आणि येऊन दोरी ओढली. पाकळ्या पडल्या. माझ्या डोक्यावर पण पडल्या. आयुष्यात मी तेवढ्या मोठ्यांदा राष्ट्रगीत कधी म्हटलं नसेल.

पाहुणे पावणेनऊला आले आणि चहा न घेता गेले. जूनमध्ये दादांची बदली झाली, घरापासून बत्तीस किलोमीटर. सहा वर्षं सायकल आणि एसटी. आई पुष्कळ बोलली, तिचं चुकलं नाही, घर तिनं ओढलं. दादा कधी काही बोलले नाहीत. नव्या शाळेत १७ सप्टेंबरला झेंडा त्यांनीच बांधला.

आणि १७ सप्टेंबर काय आहे ते आम्हाला कुणी सांगू नये. देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला, आम्ही तेरा महिने निजामाखाली होतो. त्या १५ ऑगस्टला तिरंगा फडकवला म्हणून स्वामी रामानंद तीर्थांना अटक झाली. इथल्या माणसांनी झेंड्यासाठी तुरुंग भोगलाय. माझे आजोबा सांगायचे, गावात तिरंगा कणगीत ज्वारीखाली दडवून ठेवला होता. तोच झेंडा आता कुणाच्या तरी गाडीसाठी तीन तास घडीत बांधून ठेवायचा?

हो, पाहुणे आले की शाळेला खोली मिळते, पत्रे मिळतात, संगणक मिळतात. शाळेचीही अडचण असते, मला कळतं. मग बोलवा ना! सत्कार करा, नारळ द्या, भाषण ठेवा अकरा वाजता. झेंडा आठला लावा. हेडमास्तर लावतील. शिपाई लावतील. तेही नसतील तर माझी लेक लावील.

सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंवर माझा राग नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, मी बघितलंय. नोकरी त्यांनाही आहे.

लेक घरी आली तेव्हा दादा पलंगावर बसले होते. तिनं काही सांगायच्या आधी त्यांनी विचारलं, "गाठ कुणी बांधली होती गं?" तिला माहीत नव्हतं. मग त्यांनी उशाचा पंचा घेतला, त्याची घडी घातली, पायजम्याच्या नाडीचा तुकडा मागितला आणि थरथरत्या बोटांनी सुरगाठ घातली. पहिल्यांदा सुटली नाही. दुसऱ्यांदा सुटली. मग तिला म्हणाले, "आता वाच." तिनं तिथंच उभं राहून सगळी प्रास्ताविका म्हटली. दादा उठून उभे राहिले होते, भिंतीला हात लावून. सार्वभौम नीट आलं.

त्यानंतर ती जी झोपली ती अजून उठली नाही.

मी शाळेला अर्ज लिहिलाय. तीनच गोष्टी मागितल्यात. १ मेपासून झेंडा ठरलेल्या वेळेला लागावा, कुणी येवो न येवो. प्रास्ताविका भाषणांच्या आधी व्हावी. आणि झेंडा खादीचा असावा, त्याचे पैसे मी देते. उद्या सकाळी साडेदहाला देणार आहे. आपल्या शाळेच्या पालकांपैकी ज्यांना सही करायचीय त्यांनी गेटपाशी या. येता येणार नसेल तर इनबॉक्समध्ये नाव आणि लेकराची इयत्ता पाठवा.