पेपरात टिक करा, पार्टीला सांगू नका

होतकरू एजंट बंधूंनो आणि भगिनींनो, प्रथम अभिनंदन. बारावीनंतर पुस्तकाशी कायमची फारकत घेऊन तुम्ही ज्या धंद्यात शिरलात, त्या धंद्यानेच तुम्हाला पुन्हा बाकावर बसवलं आहे. महारेराने, म्हणजे बिल्डर आणि एजंटांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, 10 जानेवारी 2023 ला आदेश काढला आणि त्या आदेशाने महाराष्ट्रात नव्या प्रकल्पातला फ्लॅट विकून द्यायचा तर आधी वीस तासांचं प्रशिक्षण, मग परीक्षा, मग प्रमाणपत्र आणि मग नोंदणी, असं सगळं सोपं करून ठेवलंय. पूर्वीची पात्रता किती कडक होती, आठवा. एक मोबाइल, एक इस्त्रीचा शर्ट आणि बिल्डरच्या मेहुण्याशी ओळख! तिन्ही गोष्टी एकाच माणसाकडे असणं म्हणजे चेष्टा नव्हती.

परीक्षेला मात्र घाबरू नका. 20 मे 2023 ला पहिली परीक्षा झाली तेव्हा बसलेल्यांपैकी जवळजवळ 96 टक्के पास झाले. बँकांची भरती घेणारी आयबीपीएस ही परीक्षा घेते, कॉम्प्युटरवर, पर्याय देऊन. तेव्हा पेपर अवघड नाहीच. अवघड आहे ते पेपर देऊन त्याच दुपारी साइटवर जाणं आणि पूर्वीसारखं मोकळेपणाने बोलणं. म्हणून अभ्यास करताना एकच पथ्य पाळा: उत्तर डोक्यात राहू द्या, जिभेवर रुळू देऊ नका.

सुरुवात कार्पेट एरियापासून करा, कारण यावर प्रश्न ठरलेला. 2016 च्या रेरा कायद्याच्या, म्हणजे स्थावर मालमत्तेच्या धंद्याचं नियमन करणाऱ्या कायद्याच्या, कलम 2 मध्ये व्याख्या आहे. घरातली वापरता येण्याजोगी जागा, आतल्या भिंती धरून. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि ओपन टेरेस सोडून. घोकून पाठ करा. मग ऑफिसात येऊन मनातल्या मनात त्यावर लोडिंग, म्हणजे जिना-लॉबीचा वाटा, चढवायची प्रॅक्टिस करा. पार्टीने, म्हणजे गिऱ्हाइकाने, ‘कार्पेट किती?’ विचारलं तर लगेच आकडा सांगणं हे नवशिक्याचं लक्षण. ‘सर, टू बीएचके जम्बो आहे,’ असं म्हणा. जम्बोची व्याख्या कायद्यात नाही, त्यामुळे ती मोडायची भीतीही नाही.

कलम 12 जरा जपून वाचा. जाहिरातीत, माहितीपत्रकात किंवा सॅम्पल फ्लॅटमध्ये खोटं दाखवून कोणाचं नुकसान झालं तर भरपाई द्यावी लागते, असं तिथं लिहिलंय. सॅम्पल फ्लॅटचं नाव काढून लिहिलंय. हे वाचून मन खट्टू होणं साहजिक आहे. सॅम्पल फ्लॅट हे या धंद्याचं देवघर. त्याला दारं नसतात, कारण दारं उघडायला जागा लागते. फ्रिजच्या जागी फ्रिजचं चित्र. डायनिंग टेबलावर चार जणांची ताटं मांडलेली, पण खुर्ची मागे ओढली की ती भिंतीला लागते, म्हणून कोणाला बसू द्यायचं नाही. आता समजा डोंबिवलीहून एक निवृत्त शिक्षिका आल्या, यजमान चपला काढून बाहेरच उभे, आणि बाईंनी पर्समधून शिंप्याची टेप काढली.

‘अहो, हा पलंग साडेपाच फूटच भरतोय.’

‘काकू, हा युरोपियन साइज आहे.’

‘युरोपातली माणसं एवढीच असतात का? आमचे हे पाच-दहा आहेत.’

अशा वेळी कलम 12 आठवलं तरी चेहऱ्यावर दिसू देऊ नका. काकांना पाणी द्या, लाडू द्या, आणि दोघांना अ‍ॅमेनिटीज दाखवायला खाली न्या. जिथे स्विमिंग पूल होणार आहे तिथल्या खड्ड्यात पावसाचं पाणी साचलेलं असतंच. त्याकडे हात केला की झालं.

यानंतर पैशाचं प्रकरण. करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डरला घराच्या किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हे कलम 13. आणि प्रकल्पाची नोंदणी झाल्याशिवाय जाहिरात नाही, बुकिंग नाही, हे कलम 3. दोन्ही प्रश्न आले तर पटकन टिक करा. मग हॉलच्या बाहेर येऊन मोबाइल सुरू करा, तोवर ग्रुपवर मेसेज आलेलाच असेल: ‘प्री-लॉन्च, फक्त निवडक चॅनल पार्टनर, चेक नावाशिवाय घ्या.’ ही जाहिरात नव्हे. हे बुकिंगही नव्हे. ही फक्त इच्छा व्यक्त करणं आहे, आणि मनुष्याने दोन लाखांच्या चेकसह इच्छा व्यक्त केली तर कायदा काय करणार? बरं, 1 ऑगस्ट 2023 पासून जाहिरातीत क्यूआर कोडही छापायचा असतो, नाहीतर 50 हजारांपर्यंत दंड. तोही छापावाच. फक्त तो खालच्या कोपऱ्यात, झाडाच्या चित्रामागे छापा; वरती नट-नटीचा फोटो असला की तिथं मोबाइल कोण धरतो?

पार्किंगचा प्रश्न भावनिक होऊ नये. सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच सांगितलं की स्टिल्टमधली, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधली, आणि उघड्यावरची पार्किंगची जागा बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही, ती सोसायटीची. पेपरात हेच लिहा. साइटवर ‘पार्किंग विकत नाही सर, अलॉट करतो,’ असं म्हणा आणि रक्कम रोख हातात घ्या.

लोकेशन हा विषय अभ्यासक्रमात फार नाही, ही त्यातली मोठी उणीव. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर 2025 मध्ये झालं. त्याच्या नावावर कर्जत-नेरळपर्यंत ‘एअरपोर्ट टच’ प्लॉट विकून आपले ज्येष्ठ केव्हाच सेकंड होम घेऊन मोकळे झाले. विमान नसताना विमानतळ विकणं याला खरी गुणवत्ता लागते. परीक्षेत अंतर किलोमीटरमध्ये विचारतील. आपण ते कायम मिनिटांत सांगतो, तेही रविवारी पहाटे साडेपाचला, सगळे सिग्नल हिरवे मिळाल्यावर.

आता शिक्षेचा भाग. एजंटाने नोंदणी न करता किंवा एजंटाची कर्तव्यं सांगणारं कलम 10 मोडून धंदा केला तर कलम 62 प्रमाणे दिवसाला 10 हजार दंड, वाढत वाढत घराच्या किमतीच्या 5 टक्क्यांपर्यंत. तुमची दलाली दोन टक्के. गणित कच्चं असलं तरी ही वजाबाकी प्रत्येकाला जमते, म्हणून हा धडा रात्री झोपण्यापूर्वी वाचू नये.

आणि ज्यांना अभ्यासच नको, त्यांच्यासाठीही वाटा आहेत. रेराचं हे सगळं नोंदणी झालेल्या प्रकल्पातल्या विक्रीसाठी. भाड्याचे फ्लॅट, जुन्या सोसायटीतला रीसेल, पागडीची खोली, हा सगळा मुलूख त्याच्या बाहेर. त्यामुळे शहरातला सगळ्यात मोठा एजंट कुठल्याच परीक्षेला बसत नाही. तो गेटवर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलेला असतो. कुठल्या विंगमधल्या कुठल्या फ्लॅटची चावी कोणाकडे, कोणाचा मुलगा कॅनडाला गेला, कोणाच्या घरात गेल्या महिन्यापासून पेपर उचलला जात नाही, हे वॉचमनला पाठ. वीस तासांचं ट्रेनिंग त्याने रात्रपाळीत किती वेळा पुरं केलं असेल, देव जाणे. त्याला दोन हजार द्या आणि कायद्याचा विषय त्याच्यापुढे काढू नका, नाहीतर तो स्वतःच धंद्यात उतरेल. उतरलेलाच आहे, तुम्हाला उशिरा कळेल.

दुसरी वाट आणखी सोपी: परीक्षा न देणं. मुदत वाढवून मिळाल्यावरही ती न देता बसून राहिलेल्या सुमारे 20 हजार एजंटांची नोंदणी महारेराने जुलै 2024 मध्ये स्थगित केली. वीस हजार! एवढ्या मोठ्या संख्येने लोक एका विषयाचा अभ्यास टाळतात तेव्हा त्यांना नालायक म्हणण्याची पद्धत आहे. मला तर ती दूरदृष्टी वाटते. त्यातले कित्येक आज ‘प्रॉपर्टी कन्सल्टंट’ झालेत, काही ‘वेल्थ अ‍ॅडव्हायझर’. कार्ड नवं, नंबर तोच.

तुम्ही मात्र नेटाने बसा आणि पास व्हा. ‘ए’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक मिळाला की तो कार्डावर, गाडीच्या मागच्या काचेवर आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या फोटोवर टाका. प्रमाणपत्र फ्रेम करून स्वामींच्या तसबिरीशेजारी लावा, म्हणजे पार्टी नमस्कार करताना दोघांनाही करेल. मग एखाद्या दिवशी त्याच काकू टेप घेऊन पुन्हा येतील आणि फ्रेमकडे बोट करून विचारतील, ‘हे शिकताना पलंग किती फुटी असावा, ते नाही सांगितलं?’ सांगितलं नाही, असं खरं उत्तर द्या, एवढं तरी.

एक शेवटची टीप राहिली. दलाली किती घ्यायची, हे रेरा कायद्यात कुठेच नाही, तेव्हा ते पुस्तकात शोधत बसू नका. दोन टक्के अधिक जीएसटी. या प्रश्नात आजवर कोणी नापास झाल्याचं ऐकिवात नाही.