टायसनची फाइल 1988 मध्येच बंद झाली होती

बॉक्सर माइक टायसनचा विषय निघाला की गाडी हमखास त्याने रिंगमध्ये चावलेल्या होलिफिल्डच्या कानावर जाऊन थांबते. ज्याला बॉक्सिंगमधलं ओ की ठो कळत नाही, त्यालाही तो कान माहीत असतो. थोडं जास्त बघणारे डॉन किंगचं, म्हणजे लढती भरवणाऱ्या त्याच्या प्रमोटरचं, नाव घेतात. अजून मुरलेले टोकियो म्हणतात, बस्टर डग्लस म्हणतात, म्हणजे 1990 मधला त्याचा पहिला पराभव. टायसनची सगळ्यात मोठी चूक कोणती, या वादात हीच तीन उत्तरं फिरत राहतात.

माझं उत्तर चौथं आहे, आणि त्यावरून मला हलवणं अवघड आहे. 1988 च्या डिसेंबरात त्याने आपल्या ट्रेनरला, केविन रूनीला काढलं. बाकीचं सगळं त्यानंतरचं.

आधी एक गोष्ट बाजूला काढतो. 1992 मध्ये बलात्काराच्या खटल्यात त्याला शिक्षा झाली, तीही लोक या यादीत घालतात. मी घालणार नाही. तो गुन्हा होता, दुसऱ्या जिवावर केलेला. त्याला 'करिअरमधली चूक' म्हटलं की जणू नुकसान फक्त टायसनच्या बेल्टांचं झालं. ही पोस्ट रिंगमधल्या टायसनबद्दल आहे.

तर रूनी. कस डि'अमाटो या गुरूने न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिलच्या जिममध्ये टायसनला घडवलं, हे सगळ्यांना पाठ असतं. पण कस 1985 च्या नोव्हेंबरात गेला. टायसन तेव्हा एकोणीस वर्षांचा, व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये येऊन वर्षही झालं नव्हतं. 1986 मध्ये ट्रेव्हर बर्बिकला दुसऱ्याच राउंडला आडवं करून तो सगळ्यात तरुण हेवीवेट चॅम्पियन झाला, तेव्हा कॉर्नरमध्ये (राउंडच्या मधे बॉक्सर जिथे येऊन बसतो तिथे) रूनी होता. बोनक्रशर स्मिथ, टोनी टकर, लॅरी होम्स, मायकेल स्पिंक्स, सगळीकडे रूनी. पहिल्या 35 लढती रूनीच्या हाताखाली, आणि 35 च्या 35 जिंकलेल्या.

रूनी काही जादूगार नव्हता. तो स्वतः कसच्याच तालमीतला बॉक्सर. पण कसची पद्धत त्याच्या अंगात मुरली होती आणि टायसनच्या बाबतीत ती पद्धत म्हणजेच सगळं होतं. टायसनची उंची बघा, जेमतेम 178 सेंटिमीटर. हेवीवेटमध्ये म्हणजे बुटकाच. समोरचा हात लांब करून जॅब, म्हणजे सरळ ठोसा, मारत राहिला तर हा त्याच्यापर्यंत पोचणार कसा? डोकं हलवून. दोन्ही ग्लव्ह गालाला चिकटलेले, कोपरं बरगड्यांजवळ, आणि डोकं सतत डावी-उजवीकडे. जॅब डोक्यावरून किंवा कानाजवळून गेला की हा आत शिरलेला असायचा, आणि आत शिरल्यावर एक ठोसा मारून थांबायचा नाही. उजवा बरगडीत, त्याच हाताचा अपरकट (खालून वर) हनुवटीवर, मग डावा हूक (बाजूने वळवलेला). प्रत्येक ठोशाला नंबर होता आणि हे नंबर हजारो वेळा घोटून घेतलेले होते. लोक म्हणतात टायसनची ताकद अफाट होती. होती ना. पण ती ताकद समोरच्यापर्यंत नेऊन पोचवायचं काम डोक्याच्या त्या हालचालीचं होतं, आणि ती हालचाल रोज कुणीतरी ओरडून करून घेतली तरच टिकते. कंटाळवाणं काम आहे ते. चॅम्पियन झालेल्या बावीस वर्षांच्या पोराकडून ते करून घेणारा माणूस एकच होता.

आता डॉन किंगवाले म्हणतील, अहो, रूनीला काढलं ते किंगमुळेच, मग मूळ चूक किंगच की! या मुद्द्यात दम आहे. 1988 च्या मार्चमध्ये मॅनेजर जिम जेकब्ज गेला, दुसरा मॅनेजर बिल केटन याच्याशी टायसनचं कोर्टात वाजलं आणि त्या फटीतून किंग आत आला. रूनी केटनच्या गोटातला मानला जायचा, म्हणून तोही गेला. क्रम बरोबर आहे. पण प्रमोटर पैसे खातो, ठोसे शिकवत नाही आणि विसरायलाही लावत नाही. किंगने टायसनला लुटलं असेल, त्याबद्दल टायसनने लावलेला दावा 2004 मध्ये 1.4 कोटी डॉलरवर मिटला, टायसन त्याआधीच दिवाळखोरीत गेला होता. हे सगळं खिशाचं नुकसान. किंगकडे जाऊनही रूनीला ठेवता आलं असतं. निदान भांडून तरी बघायचं होतं.

आणि 'त्याच्या आयुष्यात गोंधळ होता, म्हणून तो हरला' हे तर मला मुळीच पटत नाही. गोंधळ कधी जास्त होता ते बघा. जून 1988: जेकब्जला जाऊन तीन महिने झालेले, रॉबिन गिव्हन्सशी नवं लग्न आणि त्याचे वाभाडे रोज पेपरात, केटनविरुद्धची कोर्टबाजी तोंडावर. अशा अवस्थेत अटलांटिक सिटीत समोर मायकेल स्पिंक्स, एकही लढत न हरलेला. 91 सेकंद! तेवढ्यात खलास. (स्पिंक्स मुळात लाइट हेवीवेट, म्हणजे कमी वजनाच्या गटातला होता आणि रिंगमध्ये येतानाच घाबरलेला दिसत होता, हे मान्य.) पण घर जळत असतानाही टायसनचं डोकं रिंगमध्ये हलत होतं, कारण कॉर्नरमध्ये ते हलवून घेणारा बसला होता.

सहा महिन्यांनी रूनी गेला. आणि फेब्रुवारी 1989 मध्ये, अगदी पहिल्याच लढतीत, फरक दिसला. समोर फ्रँक ब्रूनो. टायसनने त्याला सुरुवातीच्या काही सेकंदांतच खाली पाडलं, पाचव्या राउंडला लढत संपवली, त्यामुळे कुणी फारसं बोललं नाही. पण पहिला राउंड नीट बघा. ब्रूनोचा डावा हूक लागतो आणि टायसनचे पाय क्षणभर सुटतात. डोकं सरळ रेषेत, ठोसे एकेक करून, दोन ठोशांच्या मधे नुसता उभा. जुलैमध्ये कार्ल विल्यम्सला 93 सेकंदांत उडवल्यावर तर सगळ्यांनाच वाटलं की सगळं आलबेल आहे. एकाच हूकमध्ये जिंकायची सवय लागली की डोकं कोण हलवतं?

म्हणून टोकियो हा मला अपघात वाटतच नाही. 11 फेब्रुवारी 1990, डग्लस जिंकण्यावर सट्टेबाजांचा 42 ला 1 चा भाव. सरावात ग्रेग पेजने टायसनला खाली पाडलं होतं, तरी कुणाला घंटा ऐकू आली नाही. डग्लस त्या रात्री अप्रतिम खेळला हे आधी म्हणायला हवं. आई जाऊन तीन आठवडे झालेला माणूस लांब हाताचा जॅब मारत राहिला, मारत राहिला, आणि प्रत्येक जॅब लागत राहिला. कारण समोरचं डोकं हलतच नव्हतं. टायसनचा डोळा सुजला, तर कॉर्नरमध्ये सूज दाबायचं ते थंडगार लोखंडही नव्हतं. रबरी हातमोज्यात बर्फाचं पाणी भरून डोळ्यावर धरत होते! जगज्जेत्याचा कॉर्नर हा. तो हातमोजा बघितला की रूनीला काढल्याची किंमत कळते.

आठव्या राउंडला टायसनने एक अपरकट काढला आणि डग्लस पडला. रेफ्रीने दहापर्यंतची गिनती सावकाश केली, म्हणून निकालच खोटा, असं म्हणणारे अजून भेटतात. डग्लस रेफ्रीच्या गिनतीवर उठला. बॉक्सरने रेफ्रीकडेच बघायचं असतं, स्टेडियमच्या घड्याळाकडे नाही. विषय संपला. दहाव्या राउंडला टायसन कारकिर्दीत पहिल्यांदा खाली गेला. गुडघ्यांवर, हात जमिनीवर चाचपडत माउथपीस शोधतोय, सापडल्यावर ते वाकडंतिकडं दातात धरून उठायला बघतोय.

मग कानाचं काय? जून 1997 मधला तो चावा म्हणजे जिंकण्याची आशा सुटलेल्या माणसाचा संताप. लायसन्स गेलं, तीस लाख डॉलरचा दंड झाला. पण होलिफिल्डने त्याला सात महिने आधीच अकराव्या राउंडला थांबवलं होतं. कान चावला नसता तरी उत्तर बदललं नसतं.

प्रतिवादातला एकच मुद्दा मला खरोखर छळतो. रूनी राहिला असता तरी टायसनने त्याचं ऐकलं असतं का? कदाचित दोन वर्षांत तो स्वतःच कंटाळून निघून गेला असता. शक्य आहे. पण नंतर रिची जियाकेटी आला, टॉमी ब्रूक्स आला, रॉनी शील्ड्स, फ्रेडी रोच, शेवटी जेफ फेनेक. नावाजलेली माणसं आहेत ही. एकालाही तो जुना टायसन परत आणता आला नाही. रूनीनंतर 2005 पर्यंतच्या 23 लढतींत 15 विजय, 6 पराभव आणि दोन निकालाविना.

कमेंटमध्ये भांडायला या, जरूर या. फक्त त्याआधी स्पिंक्सची 91 सेकंदं आणि ब्रूनोचा 1989 चा पहिला राउंड लागोपाठ बघा, आणि दोन्ही वेळा ठोशांकडे न बघता फक्त टायसनच्या डोक्याकडे बघा.