पाच टक्के वेस्टेज आणि तीनशे प्रती : एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, सप्रेम नमस्कार.

मुद्रण व्यवस्थापनाच्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांपुढे मी दिलेल्या व्याख्यानाविषयी मागील लेखात लिहिले होते, त्यावर आपली सविस्तर प्रतिक्रिया आली. आपण स्वतः हा विषय शिकवता आणि त्या दिवशी मागच्या रांगेत बसून सगळे ऐकत होतात, हे त्यातूनच मला कळले. आपले आक्षेप थोडक्यात असे : कागद किती लागेल याचे जे गणित आज सॉफ्टवेअर क्षणात करते त्यावर मी पाऊण तास घालवला, डिजिटल छपाईचे नावही घेतले नाही, उन्हाळ्यात बिघडलेल्या कामाची गोष्ट सांगून मुलांना घाबरवले, आणि जो व्यवसाय नव्या पदवीधराला मशीनमनपेक्षा कमी पगार देतो, त्यातल्या माणसाने ‘आधी सहा महिने मशीनपाशी उभे राहा’ असे सांगणे शोभत नाही.

पहिले दोन आक्षेप मला वेगळे वाटत नाहीत आणि त्यांच्या मुळाशी माझी एक चूक आहे, जी आपण नेमकी पकडलीत. फळ्यावर मी घेतलेले पुस्तक 160 पानांचे, डेमी आकाराचे, एकरंगी, 1000 प्रतींचे होते. सोळा पानांचा एक फर्मा (एका तावावर दोन्ही बाजू मिळून छापली जाणारी पाने) याप्रमाणे दहा फर्मे झाले. प्रत्येक फर्म्याला 18 × 23 इंची 1000 ताव, म्हणजे एकूण 10,000. 23 × 36 च्या एका तावातून असे दोन निघतात, म्हणून मोठे ताव 5,000, अर्थात 10 रीम. सत्तर जीएसएमच्या (चौरस मीटरला सत्तर ग्रॅम वजनाच्या) कागदाची ही रीम सुमारे 18.7 किलो भरते, तेव्हा कागद 187 किलो. त्यानंतर ‘वर पाच टक्के वेस्टेज’, म्हणजे वाया जाणारा कागद, असे म्हणून मी पुढे निघालो, तोच दुसऱ्या रांगेतल्या मुलीने विचारले, ‘सर, तीनशेच प्रती असतील तर?’ मी ‘मग थोडे जास्त धरायचे’ एवढेच म्हणालो. हे उत्तर नव्हते, टाळाटाळ होती, असे आपण लिहिले आहे आणि ते खरे आहे.

खरे उत्तर असे द्यायला हवे होते की, वेस्टेज प्रतींच्या संख्येपेक्षा प्लेट, म्हणजे जिच्यावरून पाने छापली जातात तो पत्रा, मशीनवर किती वेळा चढते यावर जास्त अवलंबून असते. नवी प्लेट चढली की शाई-पाण्याचा मेळ बसेपर्यंत, समास जुळेपर्यंत आणि पाठपोट छपाई एकमेकींवर नीट येईपर्यंत ताव वाया जाणारच. आमच्या प्रेसमध्ये एकरंगी फर्म्यामागे दोन्ही बाजू मिळून साधारण 50 ताव जातात, म्हणजे दहा फर्म्यांना 500. हजार प्रतींच्या कामात ते बरोबर पाच टक्के होतात, म्हणून तो आकडा माझ्या जिभेवर बसला आहे. तीनशे प्रतींना मात्र चांगले ताव लागतात 3,000 आणि वाया जातात तेच 500, म्हणजे जवळजवळ सतरा टक्के. माझ्या हिशेबाने तिथे 150 च धरले गेले असते. शिवाय वीस प्लेटांचा खर्च हजारांऐवजी तीनशेंवर पडतो. डिजिटलला प्लेट नाही, मेकरेडी (छपाई नीट जुळेपर्यंतची तयारी) नाममात्र. पण प्रती वाढल्या म्हणून पानामागचा खर्च तिथे फारसा उतरत नाही. काम ऑफसेटला, म्हणजे प्लेटच्या छपाईला, घालायचे की डिजिटलला, याचा निर्णय याच हिशेबातून होतो. त्या मुलीच्या प्रश्नातच डिजिटलचा धडा होता आणि तो मी हातचा घालवला.

सॉफ्टवेअरबद्दलचे माझे मत मात्र कायम आहे. त्यात तो 50 चा आकडा कोणीतरी भरावाच लागतो. विकत घेतलेल्या पॅकेजमध्ये आयता आलेला आकडा आमच्या जुन्या दुरंगी (एका फेरीत दोनच रंग छापणाऱ्या) मशीनचा नसतो, आणि बोअरच्या जड पाण्यावर चालणाऱ्या बीड-जालन्याकडच्या प्रेसचा तर नसतोच. कारण क्षारांमुळे फाउंटन सोल्युशनचा (प्लेटच्या कोऱ्या भागावर शाई बसू न देणाऱ्या पाण्याचा) पीएच, म्हणजे आम्लतेचे माप, 4.5 ते 5.5 च्या पट्ट्याबाहेर वर सरकला की प्लेटच्या कोऱ्या भागावरही शाई धरू लागते, मशीन थांबवून प्लेट पुसावी लागते आणि पुन्हा सुरू करताना आणखी ताव रद्दीत जातात.

उन्हाळ्याच्या गोष्टीवर आपण विचारले आहे की, तामिळनाडूतले छपाईचे गाव शिवकाशीही कोरडेच आहे, तिथून देशभर दिनदर्शिका जातात, मग हवेला दोष कशासाठी? दोष हवेचा नव्हताच, माझा होता. गोष्ट सांगताना ते पुरेसे स्पष्ट झाले नाही असे दिसते. शाळेच्या स्मरणिकेची 2,000 मुखपृष्ठे, चार रंग, मशीन दुरंगी. पहिल्या दिवशी कूलर चालू असताना काळा आणि निळा छापला, रात्री कूलर बंद केला आणि थप्पी उघडीच ठेवून घरी गेलो. एप्रिलअखेरच्या त्या रात्रीत कागदाने ओल सोडली आणि तो आक्रसला, तोही तंतूंच्या आडव्या दिशेने अधिक. सकाळी लाल आणि पिवळा चढवला तेव्हा एका कडेला रंग जुळवावा तर दुसरी कडा सुटायची; फोटोतल्या मुलांच्या ओठांचा लाल रंग हनुवटीवर उतरला होता. नुसती कोरडी हवा सांभाळता येते. दोन फेऱ्यांच्या मधे बदललेली हवा सांभाळता येत नाही. थप्पीवर प्लास्टिक टाकले असते तरी बहुतेक भागले असते. ही गोष्ट ऐकून मुले घाबरली असे मला दिसले नाही, निदान हसली तरी पुष्कळ, आणि ते हसणे माझ्यावर होते.

पगाराबाबत मला बचाव नाही. आमच्याकडेही नव्या पदवीधराचा पहिला पगार अनुभवी मशीनमनपेक्षा कमीच असतो, आणि ते मी व्यासपीठावरून सांगितले नाही, कारण आपल्या मुलांसमोर ते सांगायला जड गेले. मशीनपाशी उभे राहण्याचा माझा आग्रह त्यामुळे खोटा ठरत नाही, पण ते सहा महिने पूर्ण पगाराचे असावेत, हे वाक्य त्याच्यासोबत यायला हवे होते.

आपल्या विभागप्रमुखांशी बोलून मी त्या वर्गाला पुढच्या शनिवारी प्रेसवर बोलावले आहे. तीनशे प्रतींचे एक काम त्या दिवशी लावतो आहोत. दहाही फर्म्यांचे वाया गेलेले ताव मुलांनीच मोजायचे आहेत, आणि तो प्रश्न विचारणारी मुलगी नोंदवही सांभाळणार आहे. आपणही यावे. फक्त साडेनऊच्या आत या. पहिली प्लेट तेव्हाच चढते.