‘गोऱ्यांना टोल माफ’? कायदा तसं म्हणत नाही

मुंबई-आग्रा रस्त्यालगतच्या एका दगडी खोलीचा फोटो सध्या नाशिककरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरतोय. खाली मजकूर: ‘हा इंग्रजांचा टोलनाका. वाटेवर कर घ्यायची पद्धत त्यांनीच आणली. गोऱ्यांना माफी होती आणि सगळा पैसा लंडनला जायचा.’ राग समजू शकतो, पण यातलं एकही विधान टिकत नाही.

वाटेवरचा कर आपल्याकडे जुनाच. १६७१ च्या पत्रात शिवाजी महाराज कुडाळच्या सरसुभेदाराला गोव्याच्या बारदेशातून येणाऱ्या मिठावर जबर जकात बसवायला सांगतात. पेशवाईतही जकात होतीच. उलट मुंबई इलाख्यातली अंतर्गत जकात कंपनी सरकारने १८३८ मध्ये उठवली. जकात मालावर असे; पुढे आलेला टोल गाडी आणि जनावरं पाहून घेत.

आता माफीचं. १८५१ च्या टोल कायद्यात सूट कुणाला? कूच करणारं सैन्य व त्याचं सामान, कामावरचे लष्करी आणि पोलिस अधिकारी, त्यांच्या ताब्यातली माणसं आणि मालमत्ता. बाकी कुणालाही नाही, हेही तिथेच लिहिलंय. वरचे अधिकारी बहुतेक गोरेच असल्याने फायदा त्यांना जास्त झाला, हे खरं. पण खासगी कामाने निघालेल्या इंग्रज व्यापाऱ्याला कातडीच्या रंगावर सूट नव्हती.

पैसा लंडनला? त्याच कायद्याप्रमाणे खर्च वजा जाता उरलेली रक्कम इलाख्यातल्याच रस्ते-पुलांवर लावायची होती. खरी बोच इथे आहे, आणि पोस्टमध्ये तिचा उल्लेखही नाही: इलाखा सिंधपासून धारवाडपर्यंत पसरलेला, त्यामुळे नाशिकच्या गाडीवानाचा पैसा नाशिकच्याच रस्त्यावर पडेल याची हमी नव्हती. टोल दिला नाही तर गाडी किंवा बैल अडवून ठेवत, आणि चोवीस तासांत चुकता झाला नाही तर ते विकायची मुभा होती. ज्याचं पोट बैलजोडीवर, त्याच्यासाठी हे केवढं संकट! पुढे मुंबई इलाख्यासाठी १८७५ चा वेगळा कायदा आला. त्यात वसुली लिलावाने ठेक्यावर देण्याचीही सोय होती.

राहिली ती खोली. रस्त्याकडेला दगडी बांधकाम धर्मशाळेचं असतं, पोलिस चौकीचं असतं, बांधकाम खात्याचंही असतं. नाक्यावर दरांचा तक्ता इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत, दंडाच्या सूचनेसह, ठळक जागी लावणं सक्तीचं होतं. फोटोत तक्ता नाही, गावाचं नाव नाही, रस्त्यावर फाटक असल्याची खूणही नाही. तिला टोलनाका म्हणायचं तर आधी तिथल्या वसुलीचा एखादा कागद दाखवा.